सात जणींची चटई

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळी उन्हाळ्यातली माझी वही अजून जवळ आहे. तिच्यात एका पानावर लिहिलंय: लव्हाळा, सात पेंढ्या. बायका, सात. प्रत्येकीचा एक तुकडा, बारा वीत लांब, चार वीत रुंद. जोडणी शनिवारी.

या सात जणी हिमायतनगरच्या पुढच्या एका वाडीतल्या आंध आदिवासी. तळ्याकाठचा लव्हाळा कापून त्या चटया विणत. मी तेव्हा नांदेडच्या एका महिला संस्थेत होते. लातूरच्या प्रदर्शनात त्यांची एक मोठी चटई लावायची होती. पसंत पडली तर नव्या कचेऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे विणायचं काम मिळणार होतं. नाहीतर सगळ्या जणी खडी फोडायला जाणार होत्या. सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशीला एकच धास्ती होती, खडीनं सुजलेली बोटं पुन्हा विणायला वळत नाहीत.

वेळ वाचावा म्हणून मी तुकडे घरोघर वाटून दिले. शनिवारी दुपारी आटलेल्या तळ्यात ते शेजारी शेजारी मांडले. भेगाळलेल्या मातीवर तो फिकट हिरवा रंग पसरला आणि क्षणभर तळं भरल्यासारखं वाटलं. मग दिसलं, एकही तुकडा दुसऱ्याएवढा नव्हता.

मावशीनं पंजा पसरून माझ्यापुढे धरला. “बाई, वहीत कुणाची वीत लिवली?”

“माझी लई बारकी हाय,” तिची सून म्हणाली. “सासूबाईची राक्षसाची!”

“राक्षसाच्या हातची भाकर बरी गोड लागती तुला.”

पूर्वी सगळ्या एकत्र बसून विणायच्या. मावशीची वीत तीच सगळ्यांची. हे मी विचारलंच नव्हतं.

नवा लव्हाळा उरला नव्हता. कडा उसवून एकमेकींत विणायच्या, तर वाळलेली पाती तुटणार. भिजवायला पाणी हवं, आणि टँकर सोमवारी. मावशी उठली, घरातल्या पिण्याच्या पाण्यातला तांब्या घेऊन आली. मग एकेक जण उठली.

कडांवर ओली फडकी पडली. लव्हाळ्याचा वास सुटला, जुना, चिखलाचा. मी वही मिटून पात्यांची टोकं धरून बसले. प्रत्येकीनं आपली टोकं शेजारणीच्या तुकड्यात विणली. लांब तुकडा आखूड तुकड्याकडे वळत गेला. नुसती सळसळ, आणि मला पायांखाली पाणी हलल्यासारखं वाटत राहिलं.

लातूरला भिंतीवरच्या त्या वळणांकडे पडद्यांचं काम देणारे साहेब बराच वेळ बघत होते. “नदी काढलीय का?”

“न्हाई, तळं हाय,” मावशी म्हणाली. “आमचं.”

काम मिळालं. पडद्यांच्या यादीआधी मी मावशीचा पंजा वहीत ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. गुदगुल्या झाल्या म्हणून ती हलली. करंगळी जरा वाकडी आली आहे.