जवसाच्या तेलाची बाटली

कारंज्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर गजकर्णाची गोळी देण्याआधी दरडावून विचारायचा, "सकाळी काय खाल्लं?" मग ठरलेलं भाषण सुरू व्हायचं. "मातीतल्या बुरशीपासून काढलेली दवा हाय. बुरशीच बुरशीले हटवते. पण पोटात तेल-तूप नसलं तर लागू पडत नाही." दोन महिने गोळ्या नेऊन नेऊन मला ते पाठ झालं होतं, त्याचा वैतागही आला होता.

एकदा एक मजूर बाई म्हणाली, "तेल कुठून आणू, भाऊ?"

त्यानं स्वतःच्या डब्याशेजारची जवसाच्या तेलाची बाटली तिच्या हातात ठेवली. रांग संपल्यावर तो तिथंच कोरडी भाकर पाण्याच्या घोटाबरोबर गिळू लागला.

"आणि तुमच्या भाकरीले तेल?" मी विचारलं.

"मले कुठं गजकर्ण हाय?"