चौथी काठी

आमच्या तात्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, झेंडे राहत. परदेशी पाहुणा वर्षभराने पुन्हा आला की तात्या हसतमुखाने हात पुढे करत आणि त्याच वेळी माझ्या कानाशी पुटपुटत, "ह्यो हिरवा-पांढरा-हिरवा न्हाई का गं? नाव काय याचं?" मी नाव सांगायची. मग ते नाव तात्या अशा जिव्हाळ्याने उच्चारत, की पाहुण्याला वाटावं, हा माणूस वर्षभर आपलीच आठवण काढत बसला होता.

चाकणला आमच्या कंपनीत रिक्षाचे सुटे भाग बनत आणि त्यातले बरेचसे बोलिव्हियाला जात. तात्या ॲडमिनचे मॅनेजर होते आणि मी त्यांची असिस्टंट. बीडकडून आलेल्या मला कासारवाडीत खोली त्यांनी बघून दिली, माझ्या लग्नात मामाच्या जागी अंतरपाटामागे तेच उभे राहिले. स्वतः मोशीचे. साहेबांपुढे इंग्रजी बोलत, पण आमच्यात आले की मोशीची बोली सुरू. मला कायम 'पोरी' म्हणत.

गेटवर झेंड्यांच्या तीन काठ्या होत्या: एक तिरंग्याची, एक कंपनीची आणि एक पाहुण्यांची. आजूबाजूच्या कंपन्यांत पाहुण्यांचा झेंडा दुकानातून आणतात, लावतात आणि विसरतात. तात्या तसे नव्हते. "पाहुणा गेटवर आला की आधी आपली खूण शोधतो. ती चुकली तर पुढची बिर्याणी फुकट," असं ते म्हणत.

एकदा मालाच्या तक्रारीसाठी कंपनीने त्यांना महिनाभर बोलिव्हियाला धाडलं. परत आले ते बॅगभर झेंडे घेऊन. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, संताप कित्येक महिने टिकला. "लोकं बायकूला साडी आणत्यात, ह्येंनी फडकी आणली," हे मी त्यांच्या घरी गेले की दर वेळी ऐकायची. तात्यांनी ती फडकी डांबराच्या गोळ्या घालून ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक काढून मला शिकवायला लागले. ला पाझ प्रांताचा लाल-हिरवा, कोचाबाम्बाचा नुसता आभाळी, ओरुरोचा नुसता लाल. त्या देशाच्या सगळ्यात जुन्या झेंड्यात पिवळा रंगच नव्हता. मग तो आला, वर बसला, आणि नंतर मधे सरकला. "आपल्याकडं सायबांच्या केबिनी बदलतात, तसंच की," तात्या म्हणायचे. भाजी गार व्हायची, पण त्यांची गाडी थांबायची नाही.

एका निळ्या झेंड्याजवळ मात्र ते थबकत. त्या देशाचा समुद्रकिनारा फार पूर्वी लढाईत गेला, पण समुद्रावर हक्क सांगणारा झेंडा त्यांनी अजून ठेवला आहे. तात्यांच्या मोशीच्या शेतावर आता बारा मजली इमारती आहेत. तो निळा झेंडा घडी करताना एकदा म्हणाले, "आमचं रान गेलं, तवा आमी झेंडाबी न्हाई ठिवला. नुसतं पेढं वाटलं." मी ताट उचललं आणि बेसिनकडे गेले.

तात्यांचा जीव खरा होता तो विफालावर. डोंगरावरच्या मूळ लोकांचा तो चौकडीचा झेंडा. सात रंगांचे चौकोन आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी पांढरी ओळ. तिथल्या राज्यघटनेने त्याला देशाच्या लाल-पिवळ्या-हिरव्या झेंड्याच्या बरोबरीचा मान दिला आहे. बोलिव्हियाची मोठी मंडळी यायची ठरली, तेव्हा तात्यांनी फॅब्रिकेशनवाल्यांच्या मागे लागून गेटवर चौथी काठी उभी करून घेतली. "पाहुण्याच्या घरात दोघं असतील, तर एकालाच ताट वाढायचं का?" विफाला कुठे विकत मिळेना, म्हणून काकूंनी आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून तो गोधडीसारखा चौकोनाला चौकोन जोडून शिवला. पांढऱ्याशेजारी पिवळा यायला हवा, तिथे काकूंनी हिरवा जोडला. उसवला, पुन्हा शिवला. तात्या चहा आणून देत होते आणि चुका काढत होते.

मला धास्ती वेगळीच होती. पूर्वेकडच्या सखल भागातल्या काही लोकांना विफाला डोळ्यांसमोर नको असतो. त्यांना आपला प्रांताचा हिरवा-पांढरा-हिरवाच प्यारा. हे मला तात्यांनीच शिकवलेलं. आमचा मोठा वितरक नेमका तिकडचा. मी विचारलं, "तात्या, तो चिडला तर?" तात्या हसले. "चिडू दे. मी हाय ना."

आणखी एक सांगायला हवं. तात्यांची निवृत्ती तोंडावर आली होती आणि त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की माझ्या खुर्चीत ही पोरगी बसणार. घरी मी सासूबाईंनाही सांगून टाकलं होतं.

मंडळी आली. वितरकाबरोबर एल आल्तो या डोंगरावरच्या शहरातली एक व्यापारी बाई होती. डोक्यावर गोल काळी हॅट, घेरदार परकर. चौथी काठी दिसताच ती जागीच थांबली आणि छातीवर हात ठेवून बघत राहिली. मी तात्यांकडे पाहिलं, तेही खुशीत होते. तोवर वितरकाचा चेहरा उतरला. तो आमच्या प्लांट हेडच्या कानाला लागला आणि पाचच मिनिटांत आम्हा दोघांना आत बोलावणं आलं.

"हे ठिगळांचं फडकं कोणी लावलं?" प्लांट हेडने विचारलं.

मी वाट पाहत होते. तात्या आता समजावून सांगतील, तो देश, ती घटना, ते दोन झेंडे. माझ्यापेक्षा किती छान सांगत ते! तात्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, "सॉरी सर. ही नवीन आहे. इंटरनेटवर काहीतरी बघून तिने केलं. मी तपासायला हवं होतं."

नवीन! आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली मी नवीन. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

झेंडा उतरवायला मलाच पाठवलं. रागाने मी दोरी हिसकून सोडली. ती हॅटवाली बाई बाहेर आली. तिने दोन टोकं धरली, दोन मी धरली, आणि साडीची करतो तशी आम्ही त्याची घडी घातली. मग तो मी तिलाच देऊन टाकला.

त्या महिन्यात तात्यांना नोकरीची दोन वर्षं वाढवून मिळाली. मला डिस्पॅचमध्ये बसवलं. एकदा कँटीनमध्ये तात्या माझ्यासमोर ताट घेऊन बसले. भात चिवडत म्हणाले, "पोरी, रान न्हाई, काम न्हाई. घरी बसून मी काय त्या बिल्डिंगींचे मजले मोजू?" मला त्यांचं म्हणणं समजलं. खरंच समजलं. पण म्हणून माझा बळी? मी उठले. पुढे दुसरीकडे नोकरी धरली, पिंपळे सौदागरला घर घेतलं आणि मोशीचा रस्ता सोडला.

मागच्या वर्षी तात्या गेल्याचं कळलं. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर गेले. जाणार नव्हते, तरी गेले. काकूंनी मला बघताच गळा काढला. मीही रडले, ज्या माणसाने मला या गावात उभं केलं त्याच्यासाठी रडले, आणि रडताना त्याच्यावरचा राग तसूभरही कमी झाला नाही. जरा शांत झाल्यावर काकूंनी माझा हात धरून विचारलं, "अशी कशी गं तोडलीस? ह्ये म्हणायचे, मोठी झाली ती आता, तिला आपली गरज न्हाई ऱ्हायली. लई वाईट वाटायचं त्यांना."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझंच नाव पुढे केलं होतं. सगळं ओठांवर आलं. काकूंच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "चुकलंच माझं, काकू. यायला हवं होतं."