दोर कोणाच्या हाती

वाशीमकडच्या मालेगावच्या पलीकडच्या डोंगरात एक धार पडते. धबधबा हा शब्द आम्ही फक्त भूगोलाच्या तासाला वापरायचो. धार चार पुरुष उंचीवरून डोहात पडायची आणि तिच्या मागं काहीतरी काळं, पोकळ दिसायचं. खालून तिथं पोचायला वाट नव्हती. दोन्ही बाजूंना सरळ कडा, मध्ये डोह.

मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, आणि नोकरी नवी असल्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट मला विचारूनच घडते असा माझा समज होता. धारेमागं काय आहे, हे मी गावात जवळजवळ सगळ्यांना विचारलं. एक म्हणाला महादेवाची पिंड आहे. दुसरा म्हणाला भुयार आहे, थेट वाशीमला निघतं. हेडमास्तर म्हणाले, अभ्यासक्रम पुरा करा. मला काही चैन पडेना.

धारेमागं खरोखर जाऊन आलेला माणूस एकच. कड्यावरचं आग्या मोहोळ काढणारा एक म्हातारा. त्याच्याकडं अंबाडीचा जाड दोर होता. मला उतरवून द्यायला तो लगेच तयार झाला, पण आधी त्यानं विचारलं, ‘मास्तर, तुमाले साळा हाय काय?’

‘बायकोचा भाऊ ना? आहे. काहून?’

‘त्याले घेऊन या. दोर तोच धरन.’

मी हसलो. म्हातारा हसला नाही. ‘आमच्यात भावाच्या हाती दोर देत नाई. आपुन पडलो त भावाले वावरात वाटा भेटते. साळ्याले काय भेटते? रांडमुंड बहीन. तो हात सोलून घेईन, पन दोर सोडनार नाई.’

तर्कात मला एकही चूक सापडली नाही. अडचण वेगळीच होती. माझा साळा माझ्याशी बोलत नव्हता.

झालं होतं असं. नागपंचमीला तो माझ्या बायकोला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आला होता. केनवडच्या पलीकडून, दमणी जुंपून, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालून. मी ओसरीवरूनच सांगितलं की तिची ऑक्टोबरात मॅट्रिकची परीक्षा आहे, पाठवत नाही. सुधारलेला नवरा असल्याचा मला तेव्हा भारी अभिमान होता. तो पाण्याचा घोटही न घेता परत फिरला. मुऱ्हाळ्याला रिकाम्या दमणीनं परत पाठवणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी खरा होतो ना! तेव्हापासून तिच्या माहेरचं कोणी आमच्या दारात आलं नाही. परीक्षा होऊन गेली, दिवाळी तोंडावर आली, तरी निरोप नाही. बायको नुसती भांडी जोरात घासत असे.

शेवटी मी एस.टी.नं केनवडला उतरलो आणि पुढं चालत गेलो. माफी मागायला गेलो असतो तर बरं दिसलं असतं. मी गेलो दोर धरायला बोलवायला. साळा गोठ्यात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं न बघता एवढंच विचारलं, ‘दोर मजबूत हाय नं?’

ठरल्या दिवशी तो आला, पण घरी नाही, सरळ धारेवर. माझ्या आणि म्हाताऱ्याच्या सोबत भाकरी घेऊन बायको आली होती. बहीणभाऊ तीन महिन्यांनी भेटले. दोघंही रडले नाहीत, फक्त ‘आई कशी हाय?’ आणि ‘बरी हाय’ एवढं झालं. मला उगाच कड्याकडं बघावं लागलं.

म्हाताऱ्यानं दोराचा एक वेढा धावड्याच्या बुंध्याला घेतला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं साळ्याच्या हातात दिलं. मी पाय कड्याला लावत लावत उतरलो. भीती वाटायला सवडच नव्हती, इतकं बघायचं होतं.

धारेमागं पिंड नव्हती आणि भुयारही नव्हतं. अर्ध्या वर्गाएवढी कोरडी कपार होती. वर काळा कठीण दगड, खाली तांबड्या मातीचा मऊ थर. तो थर झिजत गेला आणि वरचा दगड छपरासारखा राहिला. छताला पाकोळ्यांची मातीची घरटी, भिंतीला नेची, आणि समोरून पडणाऱ्या पाण्यातून येणारा हलता उजेड. मी प्रत्येक गोष्टीला हात लावून पाहिला. तिथं किती वेळ गेला, कोण जाणे.

वर येताना मात्र वारा फिरला आणि मी धारेतच सापडलो. पाणी डोक्यावर आदळू लागलं, पाय निसटले, श्वास घेता येईना. दोर तसूभरही ढिला झाला नाही. वरून साळ्याचा आवाज आला, ‘पाय लावा, जवाईबुवा! दगडाले पाय लावा!’ तीन महिन्यांत त्यानं मला पहिल्यांदा हाक मारली होती.

वर आलो तर त्याचे तळहात सोललेले. मला फार लाज वाटली. तो हात धोतराला पुसत म्हणाला, ‘दिवाळीले आमच्या बाईले धाडता काय?’

‘धाडतो की!’ मी एकदम उदार झालो.

‘मले कोनी इचारलं?’ बायको म्हणाली. ‘पंचमीले यानं दमनी आनली, तुमी वापस केली. मी घरातच होती. तवाई कोनी इचारलं नाई.’

 तिनं कासोटा घट्ट केला. ‘मलेई खाली जाचं हाय.’

आम्ही दोघं एका आवाजात नाही म्हणालो. आमचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. ती म्हाताऱ्याकडं वळली. बाईचा दोर कोण धरतं, हे त्यालाही कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं. ‘भाऊ चालन. नवऱ्याच्या हाती मी देत नाई. बाई पडली त तो दुसरी आनते.’

मला राग आला, पण खोडून काय काढणार? साळा सोललेले हात पुढं करू लागला. तिनं त्याला थांबवलं आणि माझ्याकडं बोट केलं. ‘यायच्याच हाती द्या. मले पाहाचं हाय.’

म्हाताऱ्यानं नाइलाजानं दोर माझ्या हातात दिला. ती कड्याखाली दिसेनाशी झाली आणि स्वतः उतरताना न वाटलेली भीती आता मला वाटली; मी बुंध्याला पाय रोवले. दोर ओढला तर तिला लागेल का, सोडला तर पडेल का, काही समजेना. ती खूप वेळ आत राहिली. मी हाक मारली नाही. साळा शेजारी उकिडवा बसून सारखा माझ्या मुठींकडं बघत होता.

ती वर आली तेव्हा दोर हातातून सुटेना. बोटं म्हाताऱ्यानं एकेक करून उघडली. खाली तिनं काय काय पाहिलं, हे विचारायला जीभ वळवळत होती. पण मी म्हणालो, ‘माहेरी जायचं का तुला? केव्हा जाशील?’

ती ओला पदर पिळत होती. ‘आता इचारलं नं,’ ती म्हणाली, ‘आता सांगीन.’