कवळीवाल्यांचं इंजिन

आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना सगळी इमारत कवळीवाले म्हणते. दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे साचे येतात आणि ते कवळ्या करून देतात. चाळीस वर्षं हेच काम. आमच्या ह्यांची कवळीही त्यांचीच. हे म्हणायचे, "खऱ्या दातांनी मला एवढी साथ दिली नव्हती."

कवळीवाल्यांचं दुसरं वेड वाफेच्या इंजिनांचं. त्यांच्या कामाच्या खोलीत एका भिंतीला साच्यांची फडताळं आहेत, तर दुसरीकडे कमरेएवढ्या उंच फळीवर खेळण्यातल्या गाडीचे गोल रूळ. रविवारी सकाळी तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर येतात आणि कोपऱ्यावरचे सलूनवाले येतात. सलूनवाल्यांनी जुन्या इंजिनांच्या शिट्ट्या टेपवर जमवल्या आहेत. तिघं डोळे मिटून शिट्टी ऐकतात आणि मग ते इंजिन कुठलं यावर तासभर भांडतात.

गेल्या वर्षी कवळीवाल्यांच्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला. दादा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. उजवा हात आणि पाय लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, नेटाने व्यायाम केला तर बरंच सुधारेल, पण जे काही करायचं ते पहिल्या वर्षातच. दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीबाहेर भिरकावला.

"डाव्या हाताने फेकला, तरी नेम चांगला होता," त्यांच्या मुलीने मला सांगितलं. हसून सांगितलं, पण डोळे पुसत.

आठ महिने असेच गेले. मग कवळीवाल्यांनी मनावर घेतलं. दादा चालवायचे ते इंजिन वीतभर आकारात हुबेहूब करायचं, आणि तेही खऱ्या वाफेवर धावणारं. ते पाहून तरी दादा हलतील. कवळीचीच पद्धत वापरली: मेणात कोरायचं, साचा घ्यायचा आणि त्यात पितळ ओतायचं. नोंदी ठेवायला मला बसवलं.

"वहिनी, दूधवाला किती वाजता आला तेही तुम्ही लिहिता. हे नाही लिहिणार?"

सहा आठवड्यांनी इंजिन तयार झालं. खाली स्पिरिटचा दिवा पेटवला, पाणी उकळलं, वाफ सोडली. इंजिन फुसफुसलं आणि जागचं हललं नाही. बोटाने ढकललं की वीत-दीड वीत जायचं आणि पुन्हा ठप्प. अकरा वेळा प्रयत्न झाले. वहीत मी वेळ, पाणी, कुठे थांबलं, थांबताना चाकाचा दांडा कुठे होता, सगळं टिपलं. कवळीवाल्यांनी इंजिन चार वेळा खोललं आणि प्रत्येक भाग भिंगाखाली पाहिला. कुठेही चूक नाही.

आणि दादांना तर येत्या रविवारी बोलावलेलं होतं.

"नका आणू त्यांना," मी म्हटलं.

"आता नाही म्हटलं तर ते पुन्हा यायचे नाहीत."

रविवारी पोस्टमास्तर आणि सलूनवाल्यांनी दादांना खुर्चीसकट दारातल्या सात पायऱ्या चढवून आणलं. दादांचा चेहरा असा, जणू कपाट हलवताहेत आणि ते कपाट आपणच आहोत. इंजिनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दिवा पेटला, वाफ झाली आणि इंजिन दोन बोटं सरकून थांबलं. कवळीवाल्यांनी मान खाली घातली.

"थांबताना दांडा कुठे असतो?" दादांचा आवाज जड होता, पण शब्द स्पष्ट.

मी वही उघडली. "अकराही वेळा एकदम पुढे किंवा एकदम मागे."

"कुठल्या बाजूचा?"

"दोन्ही. दोन्हीकडे सारखाच."

दादा भावाकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"अरे गाढवा, इंजिन बनवलंस की कवळी?"

कवळीवाल्यांना कळेना. "दादा, डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी केली आहे. मी स्वतः मोजलंय."

"तेच तर! दांडा टोकाला गेला की ती बाजू लंगडी पडते. त्या घडीला दुसरीने ओढायचं असतं. म्हणून एका बाजूचं चाक पाव फेरा पुढे ठेवतात. तू दोघींना एकदमच लंगडं केलंस. आण इकडे."

कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं डावं-उजवं जुळवलं होतं. तीच सवय त्यांना नडली.

दिवा विझवला, इंजिन निवू दिलं आणि दादांच्या मांडीवर ठेवलं. ते डाव्या हाताने चाक ओढू लागले, पण इंजिन निसटायचं. कवळीवाले धरायला पुढे झाले.

"हात काढ."

दादांनी आपला उजवा हात डाव्याने उचलला आणि वजन ठेवावं तसा इंजिनावर ठेवला. तरीही इंजिन घसरत होतं. मग त्या हाताची बोटं हळूहळू वाकली आणि त्यांनी ते धरलं. मुलगी काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला. चाक निघालं, पाव फेरा फिरलं, पुन्हा बसलं.

प्रयत्न तेरावा, अकरा वाजून वीस मिनिटं. इंजिन न ढकलता निघालं. तीन चकरा झाल्या आणि चौथ्या चकरेत, वळणावर, ते रुळावरून खाली उतरलं.

"रूळ कुणी टाकलेत? ह्या सलूनवाल्याने?" दादा ओरडले. "मंगळवारी येतो. सगळे उखडायचे. आणि खुर्ची नको, मी चढेन."

सोमवारी कवळीवाले दाराच्या पायऱ्यांना कठडा बसवत होते, डाव्या बाजूला. मी म्हटलं, "उतरताना दादांचा डावा हात पलीकडच्या बाजूला येईल."

ते थांबले, हातातला पाना पाहिला आणि खळखळून हसले.

"म्हणजे या वेळी मात्र दोन्हीकडे सारखंच!"

आणि दुसरा कठडा आणायला निघाले.