मायच्या बाजूची काच

धाकटा भाऊ दक्षिण आफ्रिकेत नोकरीला लागला आणि दुसऱ्या वर्षी त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. मी नांदेडला शाळेत शिकवते. माय-अण्णा लोह्याजवळच्या गावात शेती बघतात. अण्णांना तिथलं जंगल बघायचं होतं. त्या अभयारण्यात स्वतःची गाडी स्वतः चालवत हिंडता येतं. फक्त गाडीतून उतरायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाच्या कुंपणात परतायचं.

भाऊ गाडी चालवत होता, शेजारी अण्णा. भावाच्या मागं माय, अण्णांच्या मागं मी. दुपारपर्यंत जिराफ झाले, लांबून हत्ती झाले. मग भावानं डांबरी रस्ता सोडून पाणवठ्याकडं जाणारा मातीचा रस्ता धरला. पाणवठा कोरडाठाक होता. परत फिरताना मागचं चाक कशावर तरी आपटलं आणि गाडी एका अंगाला बसली.

मोबाईलला रेंज नव्हती. गाडी भाड्याची, तशीच रेटली तर चाकाचं वाटोळं होईल, म्हणून कुणीतरी येईपर्यंत थांबायचं ठरलं. आत भट्टी होईल म्हणून भावानं सगळ्या काचा खाली घेतल्या आणि इंजिन बंद केलं.

दोन्हीकडं छातीएवढं वाळलं गवत, कडब्याच्या रंगाचं. आधी आम्ही गावाकडचं काहीबाही बोलत होतो. मग बोलणं आपोआप थांबलं. जरा वेळानं माझ्या ध्यानात आलं की पाखरंही गप्प आहेत. समोर लांबवर हरणांचा कळप उभा होता. एकही चरत नव्हतं, सगळ्यांची तोंडं आमच्याकडं. मला वाटलं, गाडीलाच बघून राहिलीत.

कुणी आलं नाही. सावल्या लांबत चालल्या. अण्णांचा धीर सुटला. ट्रॅक्टरचं चाक आपण एकट्यानं बदलतो, हे तर काहीच नाही, असं म्हणू लागले. भाऊ नको म्हणत होता, त्यावरून दोघांची थोडी बोलाचाली झाली. अण्णांनी खटका ओढला. दार थोडं उघडलंही.

तेव्हा माय बोलली. इतका वेळ ती बाहेर तोंड करून बसली होती. मी समजले, तिचा डोळा लागलाय. मान न वळवता ती हळूच म्हणाली, "उतरू नका. हितं एक बसलीय."

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. आधी नुसतं गवत दिसलं. मग एक कान हलला आणि त्याच्याखाली पिवळे डोळे दिसले. सिंहीण होती. आमच्या अंगणाच्या रुंदीएवढंही अंतर नव्हतं, आणि मायची काच पार खाली होती.

अण्णांनी दार ओढून घेतलं. त्या आवाजासरशी त्यांच्याच बाजूचं गवत हललं आणि दुसरी सिंहीण उभी राहिली. ही मायनंही बघितली नव्हती.

"चालू कर," माय भावाला म्हणाली. "चाकाचं काय व्हायचं ते होऊ दे."

भावानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, काचा वर गेल्या आणि आम्ही रखडत निघालो. मागं धुळीत दोघी रस्त्यावर आल्या. पळत नव्हत्या, पाठलागही म्हणता येणार नाही. पण आम्ही जेवढे पुढं जात होतो तेवढ्याच त्याही येत होत्या. डांबरी रस्ता लागेपर्यंत मी मागं बघत होते. तिथं एक गाडी भेटली, त्या लोकांनी पुढं जाऊन पहारेकऱ्यांना पाठवलं. कुंपणाचं फाटक लागलं तेव्हा अंधार पडला होता.

अण्णा जेवले नाहीत. मी मायला विचारलं, तुला ती कधी दिसली?

"गाडी थांबली तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळे हलला असता. ती माझ्याकडं बघून राहिली होती, मी तिच्याकडं. नजर काढायची भीती वाटली."

दुसऱ्या दिवशीचीही फेरी ठरली होती. सकाळी भावानं विचारलंही नाही. बॅगा भरल्या आणि आम्ही शहराकडं निघालो.