सल्ला निखिलचा, मिक्सर माझ्याकडे

कणकवलीहून निघतानाच मी सईला बजावलं होतं, इंजिनिअरिंगची ब्रँच परत आल्यावर शांतपणे ठरवू. लेक नुकतीच बारावी झाली होती आणि मी कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. हल्ली सगळी मुलं कॉम्प्युटरकडे पळतात. निदान घरातून तरी एक विद्यार्थी मिळावा, एवढीच माझी इच्छा होती.

दादरला उतरून टॅक्सीने लालबाग गाठलं. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कांडत होते. शिंकतच आम्ही मावसभाऊ दत्ताच्या चाळीत शिरलो. दत्ताचे वडील गिरणीत होते. त्याच गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहे आणि त्यात दत्ताचा मुलगा निखिल एआयचं काम करतो. पाहुण्याला पाणी देण्याआधी दत्ता गॅलरीतून तो टॉवर दाखवतो.

वहिनींनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि काळ्या वाटाण्यांची उसळ वाढली. तोवर गॅलरीत खुर्च्या मांडल्या गेल्या. इथे कुणाच्याही पोराची ब्रँच ठरवायला आख्खा मजला बसतो.

"मेकॅनिकल? अहो, गिरण्या राहिल्यात कुठे आता?" शेजारचे परब म्हणाले.

"ते एआय म्हणे सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार," त्यांच्या बायकोने काळजी केली.

"म्हणून तर तेच शिकायचं. खाणाऱ्याच्या पंगतीत बसायचं!" दत्ताने ठणकावलं.

मी बोलायला घसा खाकरला, तेवढ्यात निखिल कामावरून आला. सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या.

"निखिलदादा, तू सांग, काय घेऊ?" सईने विचारलं.

हा प्रश्न तिने मला कधीच विचारला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला. या पोराच्या सायकलची चेन मी बसवून दिलेली!

"पुढे काय चालणार ते मला पण माहीत नाय गं," तो म्हणाला. "ट्रेंड बघून नको घेऊ. तुला कोडिंग आवडतं ना? मग कॉम्प्युटर घे, बिनधास्त."

उत्तर चांगलं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

एवढ्यात वहिनी आतून आल्या. "भावोजी, तुमी मेकॅनिकल मां? मगे ह्यो मिक्सर बघा मां जरा."

बाहेर माझ्या लेकीचं भविष्य ठरत होतं आणि मी मोरीशेजारी मिक्सर उघडून बसलो होतो. तो सुरू झाला खरा, पण एक स्क्रू उरला. मी तो गुपचूप खिशात टाकला.

परतीच्या गाडीत चिपळूण मागे पडल्यावर सई म्हणाली, "बाबा, मी कॉम्प्युटर घेतेय."

"मला एकदा विचारायचंस तरी," मी बोलून गेलो.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही मेकॅनिकल म्हणाला असतात. आणि मग मी तेच घेतलं असतं."

खिशातला स्क्रू मी कणकवली येईपर्यंत बोटांत फिरवत होतो. निखिलचा हेवा अजूनही वाटतो. पण त्याला विचारणं तिला सोपं होतं, कारण त्याचं नाही ऐकलं तरी चालणार होतं.