बासरी टाकलेला धडा

मोटारीचा आवाज ऐकून दोष ओळखायला शिकवणाऱ्या धड्यावर मी बासरी टाकली. चुकून नाही, चांगली वाटली म्हणून.

तो धडा देणारे कळंबचे श्रावणभाऊ, पंपाच्या मोटारी भरणारे मिस्त्री, गेल्या महिन्यात गेले. फोन आला तेव्हा मी यवतमाळात एका नव्या अभ्यासक्रमाची 'उद्दिष्टे' लिहीत होतो. पहिलंच अर्ध्यावर राहिलं...

बोंडअळीनं ओळीनं हंगाम नेले, त्या वर्षांतली गोष्ट. कापसावरून मन उठलेल्यांना मोबाइलवर हातचं काम शिकवायचं आमच्या संस्थेनं ठरवलं आणि धडे रचायला मला नेमलं. मी, जो घरचा बल्बही बायकोला विचारून बदलतो! श्रावणभाऊंच्या दुकानात मी कॅमेरा लावून बसायचो. तांब्याची तार मोटारीच्या खाचांत भरताना ते बोलत राहायचे. मी मागाहून त्यांचं वऱ्हाडी पुसायचो आणि पुण्याच्या एका निवेदिकेचं स्वच्छ मराठी चढवायचो. ऐकताना वाटावं, बाई हळदीकुंकवाला निघाल्यात आणि वाटेत एक मोटार भरून देतायत.

शेवटच्या धड्यात मात्र ते बोलेनातच. मोटार चालू केली, पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक बेअरिंगपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आधी चांगली मोटार, मग बिघडलेली, मग पुन्हा चांगली. मला त्यांचं ते न बोलणं सोसेना.

"भाऊ, काहीतरी बोला ना."

"बोलू तं आयकू कसा?"

घरी येऊन मी ती कंटाळवाणी घरघर काढली, बासरी भरली, आणि संगणकात जागा हवी म्हणून सगळी मूळ चित्रणं पुसून टाकली.

मुकुटबनच्या रेखाताईंनी हेच धडे पाहून दुकान काढलं. त्यांनी भरलेली पहिलीच मोटार दोन दिवसांत अडकून जळाली. बेअरिंग गेलेलं त्यांना कळलं नव्हतं. गावात 'मोबाइलवाली मिस्त्रीण' म्हणून हसू झालं, कुणी मोटार आणेना. त्यांचा मला फोन आला, "सर, बिघडलेल्या मोटारीतूनबी बासरीच आयकू येते जी."

मी सांगताच श्रावणभाऊंनी आपल्या दुकानाला कुलूप लावलं आणि मुकुटबन गाठलं. तीन दिवस पेचकसाची मूठ रेखाताईंच्या कानाला लावून घेतली, डोळे मिटूनही ओळखता येईपर्यंत. ताईंचं ते दुकान आजही चालतं. परतल्यावर मला एवढंच म्हणाले, "तो धडा पुन्हा करू. सगळ्याइच्या गावाले मी कुठवर जाऊ?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं. तो आठवडा मी वर्षभर पुढे ढकलला.

परवा त्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यापाशी त्याइचा आवाज असंन ना? पोरीले आयकाचा हाय." मी बाराही धडे लावले. अकरांत पुण्याच्या बाई बोलत होत्या. बाराव्यात श्रावणभाऊ, पेचकस कानाला लावून. शेवटी ते डोळे उघडतात, माझ्याकडे बघून हसतात आणि काहीतरी बोलतात... ओठ हलतात, बासरी वाजते. काय म्हणाले होते, मला आठवत नाही. तेव्हाही मी घड्याळच बघत असणार.

समोर खिळ्याला तो पेचकस अजून टांगलेला होता, कानाला लागून लागून मूठ गुळगुळीत झालेला. वहिनींनी धडा शेवटपर्यंत पाहिला. मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"बासरीच टाकाची होती, भाऊजी, तं त्याइले कायले बसवलं होतं?"